मुद्देमालाच्या खोलीतून : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात संपादकांनी ‘चोरी, घरफोडी, दरोडा यांबद्दल विचारा’ अशी चौकट छापली आणि पिशवीभर प्रश्न आले. मी काही मोठा अधिकारी नव्हे. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली चौदा वर्षं तपास पथकात गेली, ज्याला ठाण्यात सगळे ‘डीबी’ म्हणतात. गुडघे गेल्यावर शेवटची पाच वर्षं मुद्देमाल कारकून होतो. जप्त झालेलं सगळं ज्या खोलीत ठेवतात, तिची किल्ली माझ्या कमरेला असायची. चोराच्या मागे पळताना जे कळलं नव्हतं, ते त्या खोलीत बसून कळलं.

सकाळी दूध आणायला निघाले असता मोटरसायकलवरच्या दोघांनी मंगळसूत्र ओढून नेलं. मी पडले, कोपर फुटलं. ठाण्यात ‘हिसकावणे’ म्हणून गुन्हा लिहिलाय. आमचे भाऊजी म्हणतात ही जबरी चोरी, कलम कमी लावलंय. खरं काय? — एक भगिनी, कराड

ताई, भाऊजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

माझी सगळी कलमं १८६० च्या दंडसंहितेतली. ३७९, ३८०, ३९२, ३९५, ४५७ हे आकडे मी अजून झोपेत बडबडतो असं घरचे म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. ते मी पुतण्याकडून शिकलो, तो आता खात्यात आहे.

चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली हलवता येणारी वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने हलवणं. कलम ३०३. यातली एक गंमत सांगतो. बंगल्याच्या आवारातलं उभं चंदनाचं झाड कायद्याने चोरीला जाऊच शकत नाही, कारण ते जमिनीला धरून आहे. करवत चालली आणि ते जमिनीपासून सुटलं की त्या क्षणापासून ते चोरीला जाऊ शकतं. नव्या पोरांना हे शिकवताना आमचे एक वरिष्ठ फौजदार वर्गात झाडासारखे उभे राहायचे.

चोरी करताना मारलं, अडवून धरलं किंवा मारण्याची भीती घातली की ती जबरी चोरी, कलम ३०९. हीच जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली की दरोडा, कलम ३१०. चौघं असतील तर दरोडा नाही. पण चौघं आत आणि पाचवा रस्त्यावर गाडी सुरू ठेवून बसलेला, तर तोही मोजतात. पेपरवाले तीन चोरांच्या बातमीलाही ‘धाडसी दरोडा’ असा मथळा देतात, तो सोडून द्या.

‘हिसकावणे’ हा कलम ३०४ चा गुन्हा नवीन आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पूर्वी गळ्यातलं ओढलं की आम्ही सहसा ३९२ लावायचो, म्हणजे जबरी चोरी, दहा वर्षांपर्यंत. तुमच्या प्रकरणात प्रश्न कोपराचा आहे. फिर्याद देताना तुम्ही घाबरलेल्या असणार, जखमेचं सांगायचं राहून गेलं असेल. डॉक्टरचा दाखला घ्या, ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या आणि ओढण्याच्या झटक्यातच पडलात हे स्पष्ट लिहून घ्या. मग वरचं कलम वाढवण्याचा मुद्दा उभा राहतो. शेवटी ठरवणार कोर्ट. आणि हो, फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तिच्यासाठी झेरॉक्सचेसुद्धा पैसे देऊ नका.

हे करणारे कोण, तर विशी-पंचविशीची पोरं. पुढचा गाडी चालवण्यात तरबेज, मागचा हाताचा चपळ. ती मोटरसायकल बहुतेकदा आदल्या एकदोन दिवसांत चोरलेली असते, म्हणून नंबर घेऊन फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा मागच्याच्या पायात काय होतं ते आठवा. शर्ट बदलतात, चप्पल सहसा बदलत नाहीत.

आमच्या सोसायटीत दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान दोन फ्लॅट फुटले. वॉचमन होता, कॅमेरे होते. चोर नेमकी बंद घरंच कशी हेरतात? आतलाच कुणी सामील असणार ना? — कोथरूड, पुणे

दादा, असेलच असं नाही. दिवसा घरफोडी करणाऱ्याला पुष्कळदा तुमच्याविषयी काहीच ठाऊक नसतं. त्याला फक्त कुलूप दिसत असतं.

मी एकाला चांगलं ओळखत होतो. नाव सांगत नाही, आता सुधारलोय म्हणतो. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बॅगेत हातभर कटावणी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि बदलायचा दुसरा शर्ट. गेटवर अडवलं तर ‘चौथ्या मजल्यावर क्लासची चौकशी करायची आहे’ असं म्हणायचा. लिफ्टने सरळ वर जायचा आणि जिन्याने एकेक मजला उतरत यायचा. का, तर जिना चढणाऱ्याला लोक ‘कुणाकडे?’ म्हणून विचारतात, उतरणाऱ्याला कुणी विचारत नाही. हे त्याने मला चहा पिताना सांगितलं. मी आपल्या सोसायटीत करून पाहिलं, खरं आहे.

कुलूप दिसलं की तो आधी शेजारची बेल वाजवायचा. कुणी दार उघडलंच तर ‘कुलकर्णी इथेच का?’ विचारून चालता व्हायचा. कुणी आलं नाही तर कटावणी कोयंड्यात. कुलपाला हातही लावत नसे. लोक आठशे रुपयांचं कुलूप आणतात आणि ते पत्र्याच्या कोयंड्याला लावतात. एका झटक्यात कोयंडा लाकडासकट निघतो आणि कुलूप तसंच्या तसं लटकत राहतं. पंचनाम्यात ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील त्याला गणती नाही.

आत गेला की हॉल सोडायचा, स्वयंपाकघर सोडायचं, थेट निजायच्या खोलीतल्या कपाटाकडे. पुष्कळदा कपाटही फोडायला लागत नसे. किल्ली कपाटावरच्या वर्तमानपत्राखाली, साड्यांच्या घडीत, उशीच्या अभ्र्यात नाहीतर देवघराच्या खणात. या चार जागा तो आधी बघायचा. दहा-बारा मिनिटांत बाहेर. मी एकदा विचारलं, ‘एवढा मोठा टीव्ही होता, तो का नाही नेलास?’ म्हणाला, ‘साहेब, वजन माझं, नफा दुसऱ्याचा.’

रात्रीचे वेगळे. हा एकट्याचा धंदा नाही, तिघं-चौघं असतात, सोबत गाडी असते. आल्या आल्या आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी शेजारी घरातच अडकलेला. खेड्यात मे महिन्यात लोक गच्चीवर झोपायला गेले की खालचं घर यांना मोकळं. कायदाही रात्रीच्या घरफोडीला जास्त धरतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी चोरीसाठी घर फोडलं तर चौदा वर्षांपर्यंत, दिवसा फोडलं तर दहापर्यंत. कलम दोन्हीला ३३१ च.

तिसरा प्रकार तुमच्या भागातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत फार. पहाटे दुधासाठी नाहीतर व्यायामाला जाताना एक जण दार नुसतं लोटून जातो. तेवढ्यात कुणीतरी आत येऊन चार्जिंगला लावलेले मोबाइल आणि लॅपटॉप उचलतो. याला ठाण्यात ‘उघड्या दारावाटे’ म्हणतात. काही फोडलंच नाही, त्यामुळे घरफोडीचं कलम लागत नाही. राहत्या घरातली चोरी म्हणून ३०५ लागतं, सात वर्षांपर्यंत. हे करणारा कटावणीवाला नसतोच. भुरटा असतो, सकाळी चालत येतो आणि चालत जातो.

दोन तोळ्यांची पाटली गेली. घरात बाहेरची अशी फक्त कामवाली येते. पोलीस तिला नुसतं विचारून सोडतात, पकडत नाहीत. पैसे चारले असतील का? — ठाणे

ताई, तुमचं पत्र वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली. तीत माझीही बाजू काही चांगली नाही.

अशाच एका घरातून पाटल्या गेल्या होत्या. आजीबाईंनी कामवालीचं नाव घेतलं. आम्ही तिला ठाण्यात बोलावून बाकावर बसवून ठेवलं, सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. हात लावला नाही. पण तिच्या चारही घरची कामं त्या दिवशी बुडाली आणि दुसऱ्या दिवशी तीन घरांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी पाटल्या एका गहाणवट दुकानात सापडल्या. ठेवणारा घरातलाच धाकटा मुलगा, क्रिकेटच्या सट्ट्यात बुडालेला. पावतीवर त्याची सही होती. आजीबाईंनी तक्रार मागे घ्यायची म्हणून हात जोडले. त्या बाईसाठी हात जोडायला कुणी आलं नाही, मीही गेलो नाही.

नोकराने मालकाची वस्तू चोरली तर कायदा नेहमीच्या चोरीपेक्षा जास्त धरतो, कलम ३०६, सात वर्षांपर्यंत. कारण त्याला विश्वासाने घरात घेतलेलं असतं. तसे नोकर मीही पकडलेत, नाही म्हणत नाही. पण माझ्या अनुभवात ते सहसा कामाला लागून महिना-दोन महिने झालेले असतात, पत्ता खोटा दिलेला असतो आणि चोरी झाल्यावर उगवतच नाहीत. तुमची बाई सहा वर्षं येतेय आणि चोरीनंतरही रोज येतेय, असं तुम्हीच लिहिलंय.

गावातल्या सोनारांकडे आणि सोनेतारण देणाऱ्यांकडे चौकशी करा असं तपास अधिकाऱ्याला सांगा. पाटलीचा जुना फोटो द्या, लग्नातला असेल तरी चालेल. वस्तू शोधायला गेलं की माणूस आपोआप सापडतो.

वर्तमानपत्रात ‘अमुक जमातीची टोळी जेरबंद’ असं येतं. काही लोकांच्या रक्तातच गुन्हेगारी असते असं आमचे एक सरही म्हणाले. पोलीस म्हणून तुम्हाला काय वाटतं? — एक विद्यार्थी, बीड

सरांना माझा नमस्कार सांग आणि सांग की हे वाक्य त्यांचं नाही, १८७१ सालचं आहे.

त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, मग वाढवत वाढवत मुंबई इलाख्यातही आणला. जमातीचं नाव यादीत गेलं की तिच्यात जन्मलेलं पोर गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली, तिथल्या माणसांना गिरणीत राबवलं. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, हे लोक सुटले ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून त्यांना विमुक्त म्हणायचं.

आपल्या भाषेचंही बघ. ‘भामटा’ ही शिवी आपण सहज वापरतो. सरकारी यादीत विमुक्त जाती ‘अ’ मध्ये भामटा, राजपूत भामटा अशी जमातींची नावं आहेत. त्या घरातल्या पोराने शाळेत जात काय सांगायची? रामोशी त्याच यादीत आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावाची रात्रीची राखण करणारे तेच.

आता माझं. नोकरीच्या सुरुवातीला कुठे दरोडा पडला की आमची जीप पहिली जायची ती गावाबाहेरच्या पालांवर. कुणी शिकवायची गरजच नसायची, ड्रायव्हरलाच रस्ता पाठ होता. चार-पाच पुरुष उचलायचे, बायका गाडीमागे धावायच्या. एकदा असे आणलेले तिघं आठ दिवस आमच्याकडे हेलपाटे घालत होते आणि खरे दरोडेखोर निघाले त्याच गावच्या बागायतदाराचा भाचा आणि त्याचे कॉलेजातले मित्र. तो भाचा पंचनाम्याच्या दिवशी आम्हाला सरबत देत होता!

पद्धतीला मात्र मी मानतो. कोयंडा कुठल्या बाजूने उचकटलाय, कपाट फोडलं की किल्ली शोधली, देवघराला हात लावला की नाही, जाताना मागचं दार उघडं ठेवलं का, यावरून माणूस ओळखता येतो. जिल्ह्याला गुन्ह्यांच्या पद्धतींची नोंद ठेवणारी शाखाच असते. मी पाहिलेला एक घरफोड्या प्रत्येक घरात फ्रीज उघडून दूध प्यायचा आणि ग्लास विसळून पालथा घालून जायचा. सहा पंचनाम्यांत पालथा ग्लास सापडल्यावर आम्हाला तो कोण ते कळलं. ही सवय त्याची, त्याच्या आईबापांची नव्हे. बोटांचे ठसेही माणसाचे असतात, जमातीचे नसतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले, आणि विमुक्तांना ‘सवयीचे गुन्हेगार’ धरण्यावरही बोट ठेवलं. तो निकाल वाचून काढ. सरांनाही दे.

एसटी स्टँडवर माझी टपरी आहे. वारीच्या दिवसांत रोज एक-दोन माणसं रडत येतात, खिसा कापला म्हणून. आम्हाला ओळखू येतील अशा काही खुणा? — पंढरपूर

खूण चेहऱ्यावर नसते, हालचालीत असते. गाडी लागली की सगळ्यांची नजर दाराकडे किंवा पाटीकडे असते. ज्याची नजर लोकांच्या कमरेकडे असते तो बघून ठेवा. एक जण पायरीवर उगाच थांबतो, ‘चप्पल अडकली’ म्हणतो. मागचा ढकलतो. तिसरा हातावर टॉवेल नाहीतर मोकळी पिशवी टाकून काम करतो आणि पाकीट लगेच चौथ्याकडे जातं. म्हणून तुम्ही खिसा कापणाऱ्याला जागीच धरलंत तरी झडतीत काही मिळत नाही आणि तोच तुमच्यावर ओरडतो. गाडीत चढणाऱ्या गर्दीतून जो न चढताच परत फिरतो आणि पुढच्या गाडीच्या गर्दीत शिरतो, तो त्यांच्यातला. टपरीवरून हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं दिसेल. मारहाण करू नका, चौकीत कळवा. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत दिली तर नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आहे.

वय ७४. बँकेतून येताना दोघांनी थांबवलं, ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, अंगठी-साखळी काढून रुमालात बांधा’ म्हणाले. घरी येऊन रुमाल सोडला तर खडे. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही दिलेतच कसे? — नाशिक

काका, मुलाला सांगा की त्याचे बाबा कायदा पाळणारे आहेत म्हणून फसले. कायदा न जुमानणारा माणूस त्या दोघांना ‘चल, ठाण्यात’ म्हणाला असता.

याला ठाण्याच्या भाषेत ‘बतावणी’ म्हणतात. हा माणूस चोर कमी आणि नट जास्त. चाळिशीच्या पुढचा, दाढी घोटलेली, केस बारीक, पायात तपकिरी बूट. आवाजात अशी जरब की आमच्या निम्म्या खात्याला जमणार नाही! आणखी एक जण वाटसरू बनून येतो आणि आधी आपली साखळी मुकाट्याने काढून देतो, ती बघून तुमचा हात गळ्याकडे जातो. रुमाल बांधून द्यायला ते ‘मदत’ करतात, तिथेच अदलाबदल. फसवणुकीचं कलम ३१८ आणि सरकारी नोकर असल्याचं सोंग आणल्याबद्दल २०४. फिर्याद दिली नसेल तर आजच द्या, लाज बाळगू नका.

लक्षात ठेवा, दागिने काढून बांधून ठेवा असं खरा पोलीस रस्त्यात कधीच सांगत नाही. हेच नाटक आता फोनवर चालतं, व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून ‘डिजिटल अरेस्ट’ करतात. तशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन. पहिल्या तासात केला तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची आशा असते.

मोबाइल आणि मोटरसायकल एकाच महिन्यात गेली. मिळण्याची शक्यता किती? — छत्रपती संभाजीनगर

मोबाइलचं आता बरं आहे. आधी तक्रार, मग सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तक्रारीचा क्रमांक आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून फोन बंद पाडून घ्या. त्यात दुसरं सिम गेलं की माग लागतो. आयएमईआय खोक्यावर असतो. नव्या फोनवर *#०६# दाबून आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

मोटरसायकल कुणी नेली त्यावर आहे. फिरायला म्हणून पोरांनी नेली असेल तर पेट्रोल संपेल तिथे पडलेली असते, पहिले आठ दिवस तुम्ही स्वतःही गल्ल्या बघा. धंदेवाल्याने नेली असेल तर ती लांबच्या खेड्यात ‘फायनान्सची ओढून आणलेली गाडी आहे, कागद महिन्याभरात देतो’ असं सांगून दहा-पंधरा हजारांना विकली जाते. अशा गाड्या जप्त करायला मी गेलोय. घेणारा शेतकरी डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, ‘मला काय माहीत?’ साठ हजारांची गाडी बाराला मिळताना थोडं माहीत झालं असतं तर बरं.

गेल्या वर्षी घरफोडी झाली, साडेपाच तोळे गेले. चोर सापडला, पोलिसांनी ‘सोनं हस्तगत’ म्हणून फोटोही छापला. आम्हाला अजून मिळालेलं नाही. आणि ज्या सोनाराने घेतलं तो दुकान उघडून बसलाय! — सांगली

वहिनी, हा प्रश्न येईल याची मी वाटच बघत होतो.

आधी तुमच्या सोन्याचं. जप्त माल पोलिसांच्या मालकीचा नसतो, कोर्टाच्या आदेशाशिवाय ठाणं तो देऊ शकत नाही. अर्ज तुम्हीच कोर्टात करायचा. वकील दिला तर सोपं, पण सक्ती नाही. फिर्यादीची प्रत, दागिन्यांची बिलं असतील तर ती, नसतील तर अंगावर घातलेले फोटो. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, मग बंधपत्रावर माल ताब्यात देतं, म्हणजे खटल्यात लागला तर हजर करायचा. खटला संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. माल ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून लवकर परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच गुजरातच्या एका प्रकरणात बजावलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम ४९७ मध्ये तर माल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याची यादी आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याचं काय करायचं तो आदेश, असं लिहिलेलं आहे. अर्जात हे कलम घाला.

तरी उशीर का होतो, हे आतला माणूस म्हणून सांगतो. लोक बिलं ठेवत नाहीत. शिवाय सापडलेलं सोनं तुमच्या दागिन्यासारखं दिसतच नाही. माझ्या खोलीत लोखंडी पेटी होती. तिच्यात लाखेचं सील मारलेली पाकिटं, वर गुन्हा क्रमांक. फिर्यादी बायका यायच्या, मी पाकीट उघडायचो आणि आतून निघायची बोटाएवढी पिवळी कांडी. लगड. ‘ही माझी नाही हो, माझी मोहनमाळ होती,’ असं म्हणणाऱ्या बाईला काय सांगायचं? पंचनाम्यात ‘अंदाजे २२ ग्रॅम वजनाची सोन्याची लगड’ एवढंच. मोहनमाळ सोनाराच्या मुशीत अर्ध्या तासात संपलेली असते.

दिवेआगरचं तेच झालं. १९९७ मध्ये बागेत जमिनीखाली सापडलेला सोन्याचा गणपती, त्याच्यावर अख्ख्या गावाचं पर्यटन उभं राहिलं होतं. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले. दरोडेखोर सापडले, सोनंही सापडलं, पण गणपती वितळवलेला होता. तो वितळवणारे हात दरोडेखोरांचे नसतात हे सांगायला पोलीस लागत नाही.

आता तुमच्या सोनाराचं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला जागा असून घेतला तर कलम ३१७, तीन वर्षांपर्यंत. साध्या चोरीला तेवढीच. पण जो हाच धंदा करतो, वरचेवर चोरीचा माल घेतो, त्याला त्याच कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे घर फोडणाऱ्याला जेवढी नाही तेवढी. हे जुन्या दंडसंहितेतूनच आलंय. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने ते लिहिलं त्याला धंदा कळत होता.

होतं काय, तर सोनार म्हणतो, ‘गिऱ्हाईक म्हणून आला, बायको आजारी आहे म्हणाला, मी विश्वासावर घेतलं.’ पुष्कळदा त्याला साक्षीदार करून टाकतात, म्हणजे तो माल काढून देतो आणि आमचा तपास लवकर ‘उघड’ होतो. मी स्वतः असे जबाब लिहिलेत. सगळे सोनार तसे नाहीत. रात्री साडेदहाला बांगडी घेऊन आलेल्या पोराला बसवून ठेवून मला फोन करणारेही होते. पण तो कटावणीवाला माझ्याशी चहा पिताना जे बोलला ते मी विसरलेलो नाही. मी म्हटलं, ‘सोडून का देत नाहीस?’ तर म्हणाला, ‘मी सोडलं तरी त्यांचे फोन येतात, साहेब. काही आलंय का म्हणून.’

तुम्ही तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या : सोनाराने खरेदीची पावती केली होती का, ओळखपत्र घेतलं होतं का, त्या दिवशीच्या भावाने पैसे दिले होते का, आणि याआधी आणखी कोणत्या गुन्ह्यात त्याच्याकडून माल निघालाय. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, ‘वरचेवर’ तिथूनच सिद्ध होतं. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज कुठे जातो ते मी कारकून असताना पाहिलंय.

मग कपाटाची किल्ली ठेवायची तरी कुठे? मी तीन जागा ठरवल्यात, त्या खाली लिहीत आहे, योग्य आहेत का ते सांगावं. — लातूर

मावशी, तुमच्या पत्राचा खालचा भाग मी संपादकांना छापू दिलेला नाही. तिन्ही जागा बदला. पिठाच्या डब्याची तर आजच.